शनिवारची सकाळची शाळा

पंचांगात आठवड्याचे सातही वार सारखे. शाळेत मात्र तसे नसते. सोमवार जड आणि शनिवार हलका, हे ज्याने लहानपणी दप्तर वाहिले आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. शनिवारची सकाळची शाळा म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना लवकरची आंघोळ, घाईघाईने पाडलेला भांग, उन्हे यायच्या आधीचा रस्ता आणि अकराच्या सुमाराची सुटका आठवते. त्या तीन तासांत आपण काय शिकलो, हे मात्र चटकन सांगता येत नाही. कवायत झाली, गोष्ट झाली, कोणी गाणे म्हटले, कोणी चित्र काढले. ज्याला परीक्षेत गुण नाहीत असेच काहीतरी झाले. आणि गंमत अशी की, चाळीस वर्षांनी जिभेवर जे राहते ते बहुधा त्या शनिवारचेच असते. भूगोलातल्या नदीचे नाव विसरते. कवायतीनंतर म्हटलेल्या गाण्याची चाल विसरत नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, जुलै २०२५ पासून गुजरातेतील प्राथमिक शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना शनिवारी दप्तर माफ झाले आहे. महाराष्ट्रात त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ साली, ‘आनंददायी शनिवार’ या नावाने असाच निर्णय झाला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळेत येऊ द्यावे असे सुचवले होते. आपल्या राज्याने त्यापुढे जाऊन दर आठवड्याचा एक वार मोकळा केला. निर्णय चांगला आहे, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, दप्तर घरी राहिल्यावर मुलांच्या हातात आणि गळ्यात काय द्यायचे? वार मोकळा करणे हे सरकारच्या हाती होते, ते त्याने केले. तो भरणे कोणाच्या हाती आहे?

फतेगंजचा आठवडा

फतेगंज हा आपल्या जुन्या मराठी वस्तीचा भाग नव्हे. दांडियाबाजार, रावपुरा, वाडी, नवापुरा ही आपली ठिकाणे. काळा घोडा मागे टाकून, कमाटीबागेच्या कडेने पुढे गेले की जो मुलूख लागतो तो पूर्वीच्या इंग्रजी कँपाचा. छावणीमागून तेथे चर्चे आली, नंतर विद्यापीठाची वसतिगृहे आली, लष्कराची ई. एम. ई. संस्था आली. त्या संस्थेच्या आवारातले दक्षिणामूर्तीचे चकाकत्या धातूचे देऊळ १९६६ साली एका ख्रिस्ती ब्रिगेडियरच्या पुढाकाराने उभे राहिले, एवढे सांगितले तरी या भागाचा स्वभाव कळावा. येथे कोणीच पूर्वापारचे नाही, म्हणून कोणी परकेही नाही.

या भागातील एका प्राथमिक शाळेत मी शनिवारी गाणे शिकवायला जातो, आणि सवड असेल तेव्हा इतर दिवशीही डोकावतो. शाळेचे नाव सांगत नाही. कारण जे सांगायचे आहे ते शहरातल्या कोणत्याही साध्या शाळेला लागू पडेल. मुले रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची, वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्यांची. काही घरे खानदेशातून आलेली. मूल घरी अहिराणी बोलते, गल्लीत हिंदी आणि वर्गात गुजराती. काही कुटुंबे दाहोद आणि छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेली. त्यामुळे सोमवारी पटावरची संख्या आणि बाकांवरची संख्या यांत अंतर पडते. रविवारी गावी गेलेले मूल मंगळवारी उगवते. होळीच्या आधी तर वर्ग निम्मे ओस पडतात. बाई रागावत नाहीत. सण आपल्या मातीतच करायचा असतो हे त्यांना ठाऊक आहे.

दिवस सुरू होतो तो प्रार्थनासभेने. गुजराती शाळांची ही सभा आपल्या मराठी वाचकांनी एकदा अवश्य पाहावी. प्रार्थना आणि धून झाल्यावर एक मूल सुविचार सांगते, एक पाढा म्हणते, एक ठळक बातम्या वाचते. त्या दिवशी जो सर्वांत नीटनेटका आला असेल त्याला ‘आजनुं गुलाब’ म्हणून पुढे बोलावतात. ज्याचा वाढदिवस असेल तो ‘आजनो दीपक’. सारे मिळून वीस मिनिटांचा कार्यक्रम. पण बुजरे मूल दोनशे डोळ्यांसमोर पहिल्यांदा तोंड उघडते ते येथेच.

बातम्यांचा भाग मला विशेष वाटतो. वर्तमानपत्रातली बातमी मुले वाचतात ती एका सुरात, श्वास न घेता, मंत्र्यांच्या नावावर अडखळत. परंतु एका शिक्षिकेने असा पायंडा पाडला की, छापील बातमीनंतर एक बातमी घरची सांगायची. तेव्हापासून सभेचा रंग पालटला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या. शाळा पुन्हा भरली तेव्हा प्रत्येकाजवळ एक मगर होती आणि ती दिवसागणिक लांब होत होती. हशा पिकला होता. एवढ्यात चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, आमचे गहू भिजले, आई ते गच्चीवर वाळवते आहे, पण वास जात नाही. सभा गप्प झाली. त्या मुलीने कोणताही उतारा पाठ केला नव्हता. तिला बातमी होती आणि ऐकणारे होते. शाळा म्हणजे तरी निराळे काय?

साने गुरुजींनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. जगातल्या घडामोडी आणि आपल्या खोल्यांतल्या घडामोडी एकाच कागदावर आल्या म्हणजे मुलाला वाटते, मीही या जगातला आहे. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेली वर्गाची बातमी हे त्याच दैनिकाचे धाकटे भावंड होय.

बडोद्याला हे ठाऊक होते

आपल्या शहराला या बाबतीत कोणापुढे हात पसरण्याची गरज नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायद्याने सबंध राज्याला लागू केला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वर्षे सक्तीची ठरली. नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे मंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. विधेयक मात्र १९१२ साली फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानला जे जमले नाही ते एका संस्थानाने करून दाखवले होते, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे.

पण त्याच महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाच्याही आधी, १८८६ साली, येथे गायनशाळा काढली याकडे शिक्षणाचा इतिहास सांगणारे जाता जाता पाहतात. मौलाबक्ष हे तिचे प्रमुख. त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि त्या लिपीत शिकवण्याची पुस्तके छापली; भातखंडे आणि पलुस्कर यांच्या लिपी सर्वत्र पसरल्या त्या पुढे. गाणे कागदावर उतरले म्हणजे ते घराण्याच्या कपाटातून वर्गाच्या फळ्यावर येते. गवयाच्या मुलालाच गाणे यावे असे नाही, कारकुनाच्या मुलालाही यावे, हा त्यामागचा विचार होता. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले आणि ती गायनशाळा वाढत वाढत आजच्या कलाविद्याशाखेपर्यंत येऊन पोचली.

ज्या घरांत दरबारची चाकरी होती, त्यांपैकी एका घरात मी वाढलो. वडील राजवाड्यावर गात. दरबारी गाणे म्हणजे मैफल, झुंबरे, बिदागी अशी लोकांची कल्पना असते. वडिलांच्या तोंडी मात्र मी वेगळेच ऐकले. ते म्हणत, मोठ्यांना गाऊन दाखवणे ही चाकरी आणि पोरांना गायला लावणे ही विद्या. गवयांची पुढची पिढी मैफलीत तयार होत नाही. सुराची ओळख झालेले शंभर कान तयार झाले तर त्यांतून एक गवई निघतो, आणि उरलेले नव्याण्णव त्याचे श्रोते होतात. त्या नव्याण्णवांचे कोणी नाव घेत नाही. प्राथमिक शाळा त्यांची आहे.

पाढा आणि ठेका

आपल्या जुन्या शाळांत गायनाचा तास नसेल, पण गायन होते. पाढे म्हटले जात ते चालीवर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी: या शब्दांनाच लय आहे. एक मुलगा सांगे, तीस मुले झेलत. हात बाकावर पडत. मूल सूर ओळखण्याआधी लय ओळखते हे जे आज शिक्षणशास्त्र सांगते, ते त्या पंतोजीच्या ओसरीवर रोज घडत होते. कवायतीतही तेच. सांघिक व्यायामाला देशी भाषेतल्या आज्ञा मिळवून देण्यात बडोद्याच्या राजरत्न प्रो. माणिकरावांचा मोठा वाटा होता. आणि ज्या आज्ञेला आपल्या भाषेचा ताल असतो तिच्यावर पाऊल आपोआप पडते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षक असावेत असेही म्हटले आहे. पण ते सहावी ते आठवीसाठी आणि तेही पटसंख्या शंभरांच्या वर असेल तेथे. म्हणजे ज्या वयात गळा मेणासारखा मऊ असतो त्या पहिल्या पाच वर्षांसाठी गाण्याचा शिक्षक कायद्याने मागितलेलाच नाही. वर्गाच्या बाईंनीच गणित, भाषा, परिसर, हजेरीची नोंद, जेवणाची नोंद आणि गाणेही सांभाळायचे. बऱ्याच बाई ते सांभाळतात, आणि प्रेमाने सांभाळतात. ज्यांना सुराची भीती वाटते त्या भ्रमणध्वनीवर गाणे लावतात आणि मुले त्याच्या मागे ओरडतात.

हा ओरडा मुलांचा दोष नव्हे. ध्वनिमुद्रित गाणे मोठ्या माणसाच्या गळ्याला बेतलेले असते. पहिली-दुसरीतल्या मुलाचा सुखाचा आवाज फार तर पाच-सहा सुरांचा असतो. त्याला तारसप्तकात ओढले की तो किंचाळतो आणि मंद्रात नेले की पुटपुटतो. माझा अनुभव असा की, पेटीच्या सफेद दोनला किंवा काळी दोनला षड्ज धरावा आणि पहिले काही आठवडे पंचमाच्या वर जाऊच नये. पेटीवर प्रत्येक सूर वाजवून दाखवू नये; मूल मग पेटीच ऐकते, स्वतःला ऐकत नाही. सूर द्यावा, हात काढून घ्यावा आणि गाऊन दाखवावे. ठेका बाकावर किंवा टाळीवर, आठ मात्रांचा साधा केरवा. पंधरा मिनिटांत वर्गाचा गोंगाट विरतो आणि एकच आवाज उरतो. ज्याने तो क्षण ऐकला आहे त्याला शिस्तीसाठी छडी लागत नाही.

हंगेरी देशातील झोल्तान कोदाय या संगीतकाराने आपले अर्धे आयुष्य याच गोष्टीसाठी वेचले. त्याच्या प्रेरणेने १९५० साली केचकेमेत या गावी एक प्राथमिक शाळा निघाली. तेथे गाणे हा रोजचा विषय होता. कोदायचे म्हणणे साधे होते: वाद्याआधी गळा, आणि परक्या गाण्याआधी घरचे गाणे. मुलाने पहिले सूर स्वतःच्या मायबोलीच्या लोकगीतांतून शिकावेत. आपल्याकडे शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी गाण्याला दिवसाच्या क्रमातच जागा दिली ती याच भावनेने.

कोणाची गाणी गावीत?

येथे आपल्या मनात एक प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्य फुटले आणि बडोदे गुजरातेत राहिले. मराठी माध्यमाच्या शाळांना राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी पुस्तके मिळतात. पण आपल्याच घरांतली मुले इंग्रजी शाळांकडे गेल्यामुळे त्या शाळा थोड्या उरल्या आहेत. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत प्रत्येक शाळेत गुजराती विषय आवश्यक झाला आहे. अशा स्थितीत फतेगंजच्या शाळेत मराठी गाणे कशाला, असे कोणी विचारील. आणि आपल्यातलाच कोणी, तेथे गुजराती गाणे तू कशाला शिकवतोस, असेही विचारील. मला दोन्ही प्रश्न विचारले गेले आहेत.

त्याचे उत्तर मला आश्विनात मिळाले. हस्त नक्षत्र लागले की आपल्याकडे भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. नेमक्या त्याच सुमारास गुजराती घरांत गरबा. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. भोंडला मात्र अजून आजीच्या आठवणीत बसून आहे. दोन्हींत फेर आहे. एकात मध्ये हत्ती, दुसऱ्यात दिवा. भोंडल्याची चाल बहुधा चार-पाच सुरांत फिरते, म्हणजे लहान गळ्याला अगदी बेतलेली. गरब्याला टाळी आणि पाऊल असल्यामुळे लय पक्की होते. एका शनिवारी मी मुलींना आधी भोंडल्याचा फेर धरायला लावले आणि मग त्याच फेरात गरबा घेतला. खिरापत काय ते ओळखण्यात गुजराती मुली आपल्या मराठी मुलींच्या पुढे होत्या. भिल्ल कुटुंबातला एक मुलगा वर्षभर वर्गात बोलला नव्हता; त्याने बाकावर असा काही ढोलाचा ठेका धरला की मी माझा केरवा बाजूला ठेवला. पुढच्या शनिवारी तो सर्वांच्या आधी येऊन बसला होता. ज्याची हजेरी सोमवारी लागत नाही त्याची शनिवारी लागू लागली, याहून मोठा दाखला मला नको.

भाषा शाळेच्या पाटीवर टिकते त्याहून अधिक ती गाणाऱ्याच्या तोंडी टिकते. मराठी वर्ग चालावेत यासाठी झटणे योग्यच आहे. पण तो वर्ग नाही म्हणून आपण शाळेचा रस्ताच सोडला तर उद्या भोंडल्याची चाल आपल्याही घरात कोणाला येणार नाही. दुसऱ्याच्या मुलाला शिकवलेले गाणे हेही आपलेच राहते.

थोडा हिशेब करू. दोनशे दिवसांना सहांनी भागले की वर्षाचे तेहतीस शनिवार येतात. पाच वर्षांचे दीडशेच्या वर. प्रत्येक शनिवारी चाळीस मिनिटे गाणे धरले तर पाच वर्षांत सुमारे एकशे दहा तास होतात. एवढ्या अवधीत मूल गवई होणार नाही. पण त्याला सूर लागला की चुकला हे कळेल, चारचौघांत आवाज सोडता येईल, आणि दुसरा गात असताना थांबून ऐकता येईल. ही शेवटची गोष्ट तर मोठ्यांच्या सभांतही दुर्मिळ झाली आहे.

दांडियाबाजारात आणि रावपुऱ्यात अशी कितीतरी घरे मला माहीत आहेत की जेथे आजोबांची पेटी अभ्र्याखाली झाकून ठेवलेली आहे. पेन्शनीत निघालेले शिक्षक आहेत, विशारद झालेल्या सुना आहेत, भजनी मंडळातल्या आजी आहेत. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. मुख्याध्यापकांना भेटावे, समितीची संमती घ्यावी, आणि वर्षभराचा वायदा न करता एका महिन्याचे चार शनिवार मागून घ्यावेत. पहिल्या शनिवारी फक्त मुलांचे ऐकावे. दुसऱ्या शनिवारी त्यांच्याच गाण्याला नीट पट्टी द्यावी. तिसऱ्या शनिवारी आपले एक गाणे द्यावे. चौथ्या शनिवारी मागे बाकावर बसावे आणि मुलांनाच एकमेकांना शिकवू द्यावे. पाचव्या शनिवारी यायचे की नाही, ते मुले आपल्याला सांगतील.

जाताना पेटी जड वाटली तर घरी ठेवावी. सूर तेवढा बरोबर न्यावा.